भाऊला न मिळालेली किल्ली

मी किल्ली बोलतेय. तीही दुसरी किल्ली, आणि हे 'दुसरी' मी तोऱ्यात सांगते. घरोघरच्या किल्ल्या एकेकट्या मिरवतात. मला एकटीला एक दारही उघडता येत नाही, पण माझ्यावर किती जणांचा जीव अवलंबून आहे ते ऐका.

माझा जन्म कुलपांच्या कारखान्यात झाला. पितळेच्या एकाच पट्टीतून माझी बहीण आणि मी कापल्या गेलो, फक्त दाते निराळे. कारागिराने आम्हाला घासूनपुसून दोन पाकिटांत घातलं आणि बजावलं, या दोघींना एका कडीत कधी अडकवायचं नाही. मला रडूच आलं. सख्खी बहीण, आणि भेट फक्त दाराशी.

ते दार कॅन्सरच्या हॉस्पिटलच्या तळघरात आहे. जाडजूड, आतून शिशाचा पत्रा लावलेलं. आत पोलादी कपाटात किरणोत्सारी तुकडे असतात, बोटाच्या पेराहूनही लहान. डॉक्टरांच्या हाती ते रोगाची गाठ जाळतात. भलत्याच्या हाती पडले तर धडधाकट माणसाला जाळतात, आणि त्याला ना काही दिसतं, ना वास येतो. म्हणून कुलपं दोन, किल्ल्या दोघांकडे, आणि एकट्याने आत जायचं नाही.

सुरक्षा बघणाऱ्या जुन्या साहेबांनी त्यात आणखी एक रीत घातली. दाराबाहेर बाक ठेवला. कुलपं काढण्याआधी दोघांनी त्यावर घटकाभर बसायचं आणि एकमेकांकडे नीट बघायचं. दोघांपैकी कुणीही 'आज नको' म्हणू शकतो. कारण विचारायचं नाही, दार त्या दिवशी बंद. लोक हसायचे, स्थळ बघायला आलात का म्हणून चिडवायचे. साहेब एवढंच म्हणायचे, "बाहेरच्या चोराला कुंपण पुरतं. आतल्या माणसाला कुंपण काय करणार? त्याच्याकडे माणसानेच बघायला हवं."

मी ताईंच्या अ‍ॅप्रनच्या खिशात राहायचे. ताई या विभागातल्या सर्वांत जुन्या टेक्निशियन, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. माझी बहीण भाऊकडे. तो त्यांच्या हाताखाली तयार झालेला, रक्ताचा नसला तरी भाऊच. बडबड्या इतका, की तळघरात रेडिओची गरज नव्हती.

जुने साहेब निवृत्त झाले आणि बाकावर धूळ बसली. ताईंचे गुडघे दुखायला लागले. भाऊ म्हणायचा, तुम्ही बसा, मी उरकतो, आणि ताई मला त्याच्या तळहातावर ठेवायच्या. आम्ही दोघी बहिणी एका खिशात खुळखुळत जायचो. खोटं कशाला बोलू, मला आनंदच व्हायचा. घरच्यासारखी माणसं, त्यात काय बिघडलं, असं मलाही वाटायचं.

मग भाऊची आई अंथरुणाला खिळली. त्याने रजा मागितली. रजा मंजूर करणाऱ्या साहेबांनी मान वर न करताच नाही म्हटलं, माणसं कमी आहेत म्हणाले. भाऊ तळघरात काम करत होता तेव्हाच तिकडे आई गेली.

कामावर परतला तो वेगळाच माणूस. बोलणं जवळजवळ बंद. सगळे म्हणाले, दुःख आहे, सावरेल. ताईही तेच म्हणत होत्या, पण त्यांचं त्याच्यावर लक्ष होतं.

एका दुपारी तो आला आणि नेहमीसारखा हात पुढे करून म्हणाला, द्या किल्ली, मी उरकतो. ताईंनी मला खिशातून अर्धं बाहेर काढलंही. तेवढ्यात त्यांची नजर त्याच्या छातीवर गेली. तिथे बिल्ला नव्हता. अंगाला किती किरण लागले ते मोजणारा हा बिल्ला, तो लावल्याशिवाय इथे कुणी पाऊल टाकत नाही. तो काढून ठेवायचा म्हणजे माणसाला स्वतःचीच पर्वा उरली नसली पाहिजे.

ताईंची मूठ माझ्यावर आवळली. त्यांनी बाकावरची धूळ झटकली आणि त्याला बस म्हणाल्या. तो उभाच राहिला. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या.

"आज नको," त्या म्हणाल्या.

"माझ्यावर संशय घेताय, ताई?"

"संशय म्हण, काळजी म्हण. किल्ली मिळणार नाही."

माझ्या बहिणीला बाकावर आपटून तो निघून गेला. मग ताई तिला उचलून जिने चढून वर गेल्या आणि नव्या सुरक्षा अधिकारी बाईंना सगळं सांगितलं. मला त्याच्या हातात कितीदा दिलं होतं, तेसुद्धा.

भाऊला तळघरातून हलवलं. मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. इकडे एका रुग्णाचा उपचार पुढे ढकलावा लागला. जिन्यात कुजबुज सुरू झाली, की आई गेलेल्या पोराचा हिने केसाने गळा कापला. ताई एकट्याच डबा खाऊ लागल्या. बिल्ला नुसता घरी विसरला असेल तर, हा विचार त्यांना आतून पोखरत होता.

पुढे एक दिवस भाऊ आपण होऊन आला आणि त्या बाकावर बसला. त्या दुपारी एक तुकडा त्याला रजेच्या साहेबांच्या खुर्चीखाली ठेवायचा होता. त्यांनीही आईसारखं झिजत जावं, एवढंच डोक्यात होतं, म्हणाला.

"त्या खोलीत टायपिंगवाली बसते, ताई. पोटुशी आहे ती. ती माझ्या मनातसुद्धा आली नाही हो."

ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघंही रडली. मग त्याने अधिकारी बाईंपुढेही तेच सांगितलं. त्याची नोकरी गेली, आणि ती जायलाच हवी होती. आता तो मोटारींच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. ताई सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जातात.

आता माझे दाते झिजलेत. बोटाचा ठसा ओळखणारं नवं कुलूप यायचंय, मग मी कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये जाईन. माझी तक्रार नाही. एकच विनवणी आहे. ते कुलूप बोट ओळखेल, पण ज्याचं बोट आहे त्याला काय झालंय ते कुलपाला कळणार नाही. तुमच्या शेजारी काम करणारा माणूस अचानक गप्प झाला, तर त्याला विचारा. तो चिडला तरी चालेल.

परवा टायपिंगवाली आपल्या मुलीला घेऊन सगळ्यांना भेटायला आली होती. तिला यातलं काहीच माहीत नाही. ताईंनी मुलीला कडेवर घेतलं, तर तिने खिशात हात घालून मला घट्ट पकडलं आणि सोडेचना. ताईंनी तिचं एकेक बोट हळूच सोडवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाही हं बाळा," त्या म्हणाल्या. "ही कुणालाच द्यायची नसते."