मधला स्पीकर

खिळेशेठनी कारखाना विकला त्याला आठ महिने झाले होते. चाळीस वर्षं त्यांनी खिळे पाडले होते. तारेचं भेंडोळं एका बाजूने आत जायचं आणि दुसऱ्या बाजूने खिळे टोपलीत पडायचे, आणि अशी बावीस यंत्रं एका पत्र्याखाली धडधडत असायची. यंत्रं गेली, कामगार गेले. नाव तेवढं मागे राहिलं. आता हाताशी भरपूर पैसा होता, त्याहून भरपूर वेळ होता, आणि तीन मजली घरात ते एकटे होते. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी परदेशी, संसारात बुडालेली.

घराच्या तळाशी एक लांबलचक, बिनखिडक्यांची खोली होती. बांधताना ती कशासाठी ठेवली हे आता त्यांनाही आठवत नव्हतं. तिथे घरचं थिएटर करायचं त्यांनी मनावर घेतलं. विचारणाऱ्याला ते सांगत, "सगळे जमतील, भाचरं येतील, मजा येईल." खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. चार माणसांत बसलं की त्यांना धड काही कळत नसे. आवाज येई, पण शब्द येत नसत. लोक हसले की तेही हसत, कुणी त्यांच्याकडे वळलं की "हो हो" म्हणून वेळ मारून नेत. हळूहळू लोक वळायचेच थांबले. सिनेमाच्या अंधारात मात्र कुणी कुणाशी बोलत नाही. तिथे सगळे एका रांगेत, सारखेच गप्प.

आराखडा करायला त्यांनी एका ध्वनितंत्रज्ञ बाईंना बोलावलं. बाई पस्तिशीच्या, बोलायला मोकळ्या. रेकॉर्डिंगच्या खोल्या आणि श्रीमंतांची थिएटरं हेच त्यांचं काम. तळघरात आल्या आल्या त्यांनी मध्यभागी उभं राहून जोरात टाळी वाजवली आणि मान कलती करून थांबल्या.

"मागची भिंत आवाज परत फेकतेय," त्या म्हणाल्या. "तिला जाड कापडाचे तक्ते लावू. मागच्या रांगेखाली फूटभर उंचवटा. पडदा चौदा फुटी. सात स्पीकर भिंतींत, चार छतात, आणि एक पडद्यामागे, बरोब्बर मधोमध. माणसांचं सगळं बोलणं त्या मधल्या स्पीकरमधून येतं."

"उत्तमातलं उत्तम लावा," शेठ म्हणाले. "पैशाकडे बघू नका."

"खुर्च्या किती?"

"दहा."

बाई टेप गुंडाळत, भिंतीकडे तोंड करून काहीतरी म्हणाल्या.

"हो हो," शेठ म्हणाले.

बाई वळल्या. "काका, मी विचारलं की एरवी, रोजचे, किती जण बसणार?"

"ते बघू पुढे," शेठ म्हणाले आणि चहा सांगायला वर गेले.

पुढच्या आठवड्यात ते बाईंच्या कचेरीत गेले. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, त्यातली आतली खोली नमुन्याच्या थिएटरची. दार लागलं तसा रस्ता एकदम नाहीसा झाला. बाईंनी त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी बसल्या.

"आता एक सूर खालून वर चढत जाईल. ऐकू येईनासा झाला की हात वर करा. सगळ्यांचंच करते मी हे. वय झालं की वरचे सूर थोडे जातातच."

सूर घुमत सुरू झाला, चढला, बारीक झाला आणि थांबला. शेठनी हात वर केला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"यंत्र बंद पडलं का?" शेठनी विचारलं.

"नाही काका. चालूच आहे."

शेठनी पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. कुठलासा आवाज ऐकत असल्यासारखा त्यांचा चेहरा होता. चार-पाच सेकंदांनी बाईंनी बटण दाबलं.

"आता थांबला," त्या म्हणाल्या. "काका, स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्ही सांगताय त्या दर्जाचे स्पीकर मी लावीन, पण त्यातलं निम्मं तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. 'स', 'त', 'क', 'फ' ही सगळी अक्षरं वरच्या सुरांत असतात. ती गेली की आवाज ऐकू येतो, बोलणं कळत नाही. आधी कान तपासून घ्या."

"मी सिनेमाची खोली करायला आलोय, दवाखान्यात नाही," शेठ म्हणाले आणि उठले. जिना ते कठडा न धरताच तरातरा उतरले. एवढीशी पोरगी, आणि इतक्या वर्षांत घरच्यांनीही तोंडावर न सांगितलेली गोष्ट अशी सरळ सांगते!

चार दिवस ते धुमसत राहिले. पाचव्या दिवशी बाईंचा निरोप आला: "घरचं एखादं जुनं रेकॉर्डिंग असेल तर आणा. ओळखीच्या आवाजावरून मधला स्पीकर तुमच्या कानाला जुळवून बघते. जमलं नाही तर काम सोडते, पैसे नकोत."

शेठनी दोनदा निरोप वाचला. मग कपाट उघडलं. रेकॉर्डिंग एकच सापडलं, या घराचं. स्लॅब टाकून झाल्यावर मुलगी सुट्टीला आली होती आणि तिने प्लॅस्टर नसलेल्या खोल्याखोल्यांतून कॅमेरा फिरवला होता. त्यात बायको होती, बायकोची धाकटी बहीण होती. शेठनी ते आजवर दोनदा पाहिलं होतं, नुसतं पाहिलं होतं.

कचेरीतल्या त्या आतल्या खोलीत बाईंनी घुमणारे खालचे सूर पार उतरवले, बोलण्याचे वरचे सूर चढवले, बाकीचे स्पीकर बंद केले. पडद्यावर विटांच्या भिंती सरकू लागल्या. मुलगी कॅमेऱ्यामागून सांगत होती, "ही बाबांची खोली, हा जिना." तिचा शब्द न् शब्द शेठना कळला आणि ते खुर्चीत पुढे सरकले. इतकं स्वच्छ त्यांनी कित्येक वर्षांत काही ऐकलं नव्हतं. चेहऱ्यावर हसू आलं.

मग मुलगी खिडकीतून बाहेरचं दृश्य टिपायला गेली आणि बोलायची थांबली. मागे, चौकटीच्या बाहेर, दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या.

"ताई, केवढं घर गं हे! मजा आहे तुझी."

"कसली मजा. दोन माणसं आम्ही." हा बायकोचा आवाज होता. "मी तीनदा सांगितलं ह्यांना. कारखाना देऊन टाकू, ते तळ्याकाठचं दोन खोल्यांचं घेऊ, राहू दोघं निवांत. तीनदा 'हो हो' म्हणाले. मला वाटलं पटलं. आणि एक दिवस या घराचा नकाशा घेऊन आले."

"मग परत सांग ना."

"किती मोठ्याने सांगू? जेवायला चला, हे ओरडून सांगता येतं. काही गोष्टी नाही गं ओरडून सांगता येत."

मुलगी परत बोलू लागली. "आणि ही गच्ची!"

"मागे घ्या," शेठ म्हणाले.

बाईंनी मागे घेतलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी रिमोट शेठच्या हातात दिला. "मी पाणी घेऊन येते," म्हणाल्या आणि दार अलगद ओढून घेतलं. पाणी आणायला त्यांना वीस मिनिटं लागली.

तिथून शेठ घरी गेले नाहीत. मेहुणी तासाभराच्या अंतरावर राहत होती, तिच्याकडे गेले. बहिणीच्या अंत्यसंस्कारानंतर ती त्यांना एकदाच भेटली होती. दारात त्यांना बघून ती गोंधळलीच.

"भावोजी? असे अचानक? बरं आहे ना?"

"तळ्याकाठचं घर कुठलं?" शेठनी उंबऱ्यावरच विचारलं.

ती दारातून बाजूला झाली. मग त्यांना आत बसवून समोर बसली आणि खाली मान घालून बोलू लागली.

"ऐकू येत नाही मला," शेठ म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं. "माझ्याकडे बघून बोल. सावकाश."

मेहुणीने खुर्ची जवळ ओढली. "ताईनं जागा बघून ठेवली होती. तुम्हाला दाखवायलाही नेलं होतं. तुमची गाडी नव्हती नेली, तिनेच माझी नेली होती चालवत. रविवारी. आठवतं?"

आठवलं. चांगलंच आठवलं. शेठना वाटलं होतं, सहल आहे. दोन खोल्यांचं बंद घर, पुढे दगडी पायऱ्या, खाली पाणी. पायरीवर बसून बायको बराच वेळ बोलत होती. वारा होता. ते पाण्याकडे बघत होते, छान वाटत होतं. ती बोलायची थांबली की ते मान हलवत होते. ती त्या दिवशी फार खुशीत होती. परतताना ते म्हणाले होते, "जागा छान आहे," आणि मग घर येईपर्यंत तार ओढायच्या नव्या यंत्राबद्दल बोलत राहिले होते. ती गाडी चालवत होती. काहीच बोलली नव्हती.

"चिडली होती का?" शेठनी विचारलं.

"चिडली असती तर बरं झालं असतं," मेहुणी म्हणाली. "तिला वाटलं, तुम्हाला ऐकू आलं आणि तुम्ही टाळलंत. कितीतरी दिवस तसंच वाटत होतं. मग कधीतरी कळलं तिला, की ऐकूच येत नाही. पण तोवर पाया खोदून झाला होता."

चहा निवला. मेहुणीने दुसरा केला, तोही तसाच राहिला. निघताना ती म्हणाली, "येत जा." ते कळलं त्यांना, कारण ती त्यांच्याकडे बघून म्हणाली.

कान तपासले. डॉक्टर म्हणाले, वीस वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. दोन्ही कानांमागे बोटाच्या पेराएवढी यंत्रं बसली. पहिले काही दिवस शेठना वेड लागायची पाळी आली. फ्रीज गुरगुरत होता, नळ फुसफुसत होता, स्वतःच्या चपला फरशीवर फटफट वाजत होत्या. एवढं मोठं घर आणि त्यात सगळा आवाज त्यांचा एकट्याचाच.

थिएटर त्यांनी रद्द केलं नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हाला एकट्याला कशाला ते?" तर म्हणाले, "ऐकायला." बाई कामाला लागल्या. दहाऐवजी चार खुर्च्या, एकच रांग. उंचवटा गेला. छतातले स्पीकर शेठनी काढायला लावले, पण मधला मात्र सर्वांत महागडा ठेवला. तीन महिने सुतार, वायरमन, रंगारी यांची ये-जा होती. शेठ स्टूल टाकून त्यांच्यात बसत आणि त्यांची भांडणं मन लावून ऐकत. सुताराला वायरमनचा भाऊ आवडत नव्हता. का, तेही त्यांना आता माहीत झालं. काम संपलं तेव्हा सर्वांत जास्त हळहळ त्यांनाच वाटली. हिशेब पुरा झाल्यावरही त्यांनी बाईंना दोनदा उगाच बोलावलं: डावीकडचा स्पीकर खरखरतोय म्हणून. बाई आल्या, काहीच खरखरत नव्हतं. दुसऱ्या वेळी त्यांनी तपासलंही नाही, नुसत्या बसल्या, चहा घेतला, आपल्या आईबद्दल थोडं बोलल्या आणि गेल्या.

सुट्टीत मुलगी आली, जावई आणि दोन नातवंडांसह. नऊ दिवस तळघरात दंगा होता. नातवंडं खुर्च्यांवर उभी राहून सिनेमा बघत. धाकटी आजोबांच्या कानामागचं यंत्र काढून स्वतःच्या कानाला लावून बघे आणि तक्रार करी, "यात काहीच वाजत नाही!"

जायच्या आदल्या दुपारी जावई मुलांना घेऊन बाहेर गेला. मुलगी खाली येऊन शेठच्या शेजारी बसली. शेठनी जुन्या रेकॉर्डिंगचा तो भाग लावला.

दोन बायकांचं बोलणं संपलं. मुलगी पडद्याकडे बघत राहिली.

"माहीत होतं मला," ती म्हणाली.

"काय?"

"तळ्याकाठचं घर. आईनं सांगितलं होतं. मी म्हटलं, बाबांना मी सांगते. तर म्हणाली, नको, आता ते खूश आहेत या घरावर, कशाला मोडता घालायचा." ती थांबली. "मी सांगायला हवं होतं."

"मावशीलाही माहीत होतं," शेठ म्हणाले.

"हो."

"म्हणजे सगळ्यांनाच."

मुलीने त्यांचा हात धरला. मग तिने विचारलं, "बाबा, आमच्याकडे येता का राहायला? मनापासून विचारतेय."

शेठना शब्द न् शब्द ऐकू आला. त्यात ती मनापासून विचारते आहे हेही ऐकू आलं, आणि विचारण्याआधी तिने घेतलेला लहानसा श्वासही.

"महिनाभर येईन," ते म्हणाले. "थंडी संपली की."

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकाबाहेर गेली. शेठ आत आले, ताटं सिंकमध्ये ठेवली, नातीचा एक मोजा जिन्यात सापडला तो टेबलावर ठेवला. दुपारचे तीन वाजले होते. ते खाली गेले, एक सिनेमा लावला आणि डावीकडून दुसऱ्या खुर्चीत बसले. गोष्ट बेताचीच होती. पण पडद्यावरची माणसं एकमेकांशी खूप बोलत होती, घराबद्दल, पावसाबद्दल, कोण कुणाला न्यायला स्टेशनवर जाणार याबद्दल. शेठनी एकही शब्द सोडला नाही.