चाळीस नावं, एकोणचाळीस हातोडे

अनुक्रम

सतरा. तिच्या आईचा अठरा.

नाव

बेबीनंदा. वय सोळा.

त्र्याहत्तर सालचं दुष्काळी काम, अंतरवालीच्या पुढची खडी. मी तिथे हजेरी कारकून होतो. आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेला मी एकटा, म्हणून पुस्तक माझ्याकडे. मे महिन्यातल्या एका दुपारी दगड फोडता फोडता बेबीनंदा ढिगावर कलंडली आणि उठली नाही.

मुकादम अप्पारावने मला बाजूला घेतलं. "कामावर मेली असं लिवलं तर चौकशी लागंल वसंता. चौकशी लागली की काम बंद. तीनशे मानसं काय दगड खातील?"

सकाळी तिच्या नावापुढे मी 'हजर' लिहिलं होतं. ते ब्लेडने खरवडलं आणि वर 'गैरहजर' लिहिलं. कागद तेवढ्या जागी पातळ झाला. गैरहजर माणूस कामावर मरत नाही.

हे अप्पारावला माहीत होतं आणि मला.

कामाचा प्रकार

खेळ.

दोन वर्षांनी मी तो बांधला. पडदा नाही, पेटी नाही, तबला नाही. खडीवर काम केलेली एकोणचाळीस माणसं. अडतीस जण चार रांगांत बसलेली, प्रत्येकापुढे दगड, प्रत्येकाच्या हातात हातोडा. एकोणचाळिसावा कडूबा, खेळातला मुकादम; हातोडा त्याच्याही हातात, आणि शेवटचं नाव तो स्वतःचं घ्यायचा. कडूबा एरवी लग्नांतून नकला करायचा. खेळात तो कुणालाही सोडायचा नाही.

"रखमाजी!"

"हाजर!" आणि हातोड्याचा एक घाव.

"काल कुटं गेल्ता रे रखमाजी?"

"सासरवाडीला, मुकादम."

"मंग दगड बी तिकडंच फोडायचा व्हता, सासऱ्याच्या डोक्यात घालायचा!"

लोक हसायचे. एकेक नाव, एकेक घाव. आपलं नाव झालं की ज्याने त्याने ठोका धरून ठेवायचा. दहा नावं होईतो जमीन हलायला लागायची. मग कडूबा सतरावं नाव घ्यायचा: "बेबीनंदा." कुणी बोलायचं नाही. सगळे हातोडे थांबायचे. आणि तिसऱ्या रांगेतून गिरिजाबाई, तिची आई, म्हणायची, "हाजर." पोरीचा घाव ती घालायची. मग स्वतःचं नाव, स्वतःचा घाव, आणि तिथून ती गाणं उचलायची.

मी कबुली देऊ शकलो नव्हतो. म्हणून नाव घालू शकलो.

चालत जाता येईल तेवढ्याच गावांत आम्ही खेळ केला. वडीगोद्रीच्या बाजारात तो जालन्याच्या सुगनचंद शेठनी बघितला. सरकीच्या गाडीवर उभे राहून बघितला. नंतर उपरण्याने डोळे पुसत माझ्यापाशी आले.

"पुण्याच्या नाटकवाल्यांना मी तीनदा मंडप दिला. तिन्ही वेळेला मी झोपून गेलो. हे मोठं करू. दोन ट्रक, मंडप, लाइट, कर्णे. सगळ्यांचं दोन वेळचं जेवण. चौदा गावं. तू फक्त खेळ बघ, बाकी खर्चा माझा."

कडूबा म्हणाला, "शेठ, ट्रकमधी दगड आमचेच का गावोगावचे?"

"तुमचेच, भाई. ज्या दगडाला तुमची सवय आहे तोच."

अर्ज गेला. चाळीस नावांची यादी आणि खेळाचा मजकूर कचेरीत गेला, परवानगीसाठी. तीन आठवड्यांनी शेठनी मला पेढीवर बोलावलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"कचेरीवाल्यांनी जुनं हजेरीचं पुस्तक काढलं, वसंता. ही मुलगी गैरहजर होती म्हणतात. खेळात हजर दाखवली तर खोटी हजेरी होते. एवढं एक नाव काढा, बाकी सगळं मंजूर." त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला. "तू तिथे कारकून होतास ना? तू सांग, काय खरं?"

खरं सांगायला तेवढा चहा पुरला असता.

"पुस्तकात असेल तेच," मी म्हणालो.

हजेरी

जालना. पहिला प्रयोग. दोन हजार माणूस. ट्रकमध्ये सांगू, मंडप बांधताना सांगू, जेवताना सांगू, असं करत नाव काढल्याचं मी गिरिजाबाईला सांगितलं नाही. फक्त कडूबाला सांगितलं, तेही तो मिशी चिकटवत असताना. तो माझ्याकडे आरशातून बघत राहिला.

सोळावं नाव झालं.

कडूबा थांबला. गिरिजाबाईचा हातोडा वर गेला होता. पोरीचा घाव ती नेहमी जरा आधीच उचलायची.

"गिरिजाबाई," कडूबा म्हणाला.

ती बोलली नाही. हातोडा तसाच वर. कडूबाने पुन्हा नाव घेतलं नाही, पुढचं घेतलं, त्याच्या पुढचं. बावीस नावं झाली, बावीस घाव पडले, सगळं मैदान ठोक्यावर आला आणि तिचा हात वरच. मग तिने हातोडा हळूच मांडीवर ठेवला. गाणं झालं नाही. ठोका तेवढा चालू राहिला, आणि लोकांना तेच शेवट वाटलं. टाळ्या थांबेनात. शेठ उभे राहून रडत होते.

सही अथवा अंगठा

मंडपामागे ती ट्रकला टेकून बसली होती.

"मावशी, कचेरीनं..."

"अप्पारावनं पैल्याच वर्सी सांगितलं मला. पिऊन आल्ता. तू खरवडलं म्हनून."



"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तीनशे मानसांत मी बी व्हते. त्या हप्त्याला मी बी जेवले." तिने पदराने हातोड्याचा दांडा पुसला. "मंग तू खेळात तिचं नाव घेतलं. मला वाटलं, पोरानं भरून दिलं. आता हे कशापायी केलं रं?"

"चौदा गावं आहेत, मावशी."

"चांगली हायेत का गावं?"

तिने हातोडा माझ्यापुढे ठेवला.

"वडीगोद्रीची यष्टी कव्हा हाय?" तिने विचारलं.

शेरा

शेठनी दोन दिवसांत पुष्पाबाई आणली. आधी तमाशात होती. गाणं तिने एका दुपारी उचललं. ती गिरिजाबाईपेक्षा चांगली गायची. सूर पक्का, आवाज मागच्या माणसापर्यंत जायचा.

मंठ्याला, प्रयोगाआधी, ती मला विचारायला आली.

"दादा, मला हाक कोनत्या नावानं मारनार?"

मी यादी काढली. कचेरीचा शिक्का, खाली एकोणचाळीस नावं. त्यात बदल करायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा तीन आठवडे. ट्रक उभे होते. कडूबा ऐकत होता.

"गिरिजाबाई," मी म्हणालो.

त्या दिवशी आणि पुढे बारा गावांत कडूबाने ते नाव घेतलं, आणि तिसऱ्या रांगेतून पुष्पाबाई खणखणीत आवाजात हाजर म्हणाली. कचेरीतून कुणीही काही विचारलं नाही.