माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर

पेंटरची डायरी त्याची सासू लिहायची. दारू सोडवणाऱ्या केंद्रातून घरी पाठवताना तिथल्या बाईंनी त्याला एक वही दिली होती आणि रोज लिहायला बजावलं होतं. दिवसभरात काय झालं, प्यावंसं वाटलं का, प्यायलास का, सगळं. आता दारू सुटली होती, पण हाताचं थरथरणं काही जाईना. ज्या हाताने निम्म्या बाजाराच्या पाट्या रंगवल्या, त्या हाताला पेन धरवत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने दोन ओळी खरडल्या, त्या त्याच्या त्यालाच लागेनात. तेव्हा बायकोने तोडगा काढला आणि आपल्या आईला टेबलाशी बसवलं.

सासूबाई कोर्टातून लघुलेखिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लोकांचे जबाब उतरवण्यात त्यांची हयात गेली होती. जावयाबद्दल त्यांचं मत काही बरं नव्हतं आणि ते त्यांनी कधी झाकूनही ठेवलं नव्हतं, पण कामाच्या वेळी मत बाजूला ठेवायची त्यांना सवय होती. संध्याकाळचा चहा झाला की चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "हं, सांगा." पेंटर सांगायचा, त्या उतरवायच्या, एक शब्द इकडचा तिकडे नाही. एकदा त्याने वैतागून, ही म्हातारी दिवसभर पहाऱ्यावर बसल्यासारखी बसते, असंही सांगून टाकलं. त्यांनी मान वर न करता तेही लिहून घेतलं. 'म्हातारी' एकदाच घालायचं की दोनदा, एवढंच विचारलं.

शेवटी त्या सगळा मजकूर सपाट आवाजात वाचून दाखवायच्या आणि खाली त्यांची ठरलेली ओळ घालायच्या: वाचून दाखवले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मग वही फिरवून त्याच्यापुढे सरकवायच्या. सही मात्र ज्याची त्याने करायची. घरच्या वहीत हे जरा अतीच होतंय असं पेंटरला वाटायचं, पण सासूशी वाद घालण्याइतका तो अजून बरा झाला नव्हता. शाईत पडलेला मुंगळा कागदावरून चालत गेला असावा, तशी ती सही पानोपानी दिसायची.

बायको कामावरून आली की आधी वही उघडायची. मजकुरावरून नुसती नजर फिरवायची, बघायची ती सही. परत प्यायलास तर तुझ्या थोरल्या भावाकडे जाऊन राहा, हे तिने त्याला एकदाच सांगितलं होतं, तेही आवाज न चढवता. ती शब्दाची पक्की होती. त्यामुळेच तो तिला टरकून असायचा.

अशात बाजारातल्या चष्मेवाल्याने नवी पाटी रंगवायला बोलावलं. हात बसू दे, मग घे कामं, असं बायको म्हणत होती. पण घरात बसून पेंटरचा जीव नकोसा झाला होता, त्याने हो म्हणून टाकलं. खडूने आखणं कसंबसं जमलं. ब्रश टेकवला आणि पहिलंच अक्षर फाटलं. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा फाटलं. समोरचा पानटपरीवाला टक लावून बघत होता. दुपारी पेंटर जेवून येतो म्हणाला आणि मागच्या गल्लीतल्या गुत्त्यात शिरला. औषधापुरती, असं त्याने स्वतःला समजावलं. परत आला तेव्हा हात गुणी पोरासारखा वागायला लागला होता. उन्हं कलायच्या आत पाटी झाली, आणि अशी झाली की चष्मेवाला रस्त्यापलीकडे जाऊन बघत उभा राहिला.

पेंटरने चूळ भरली, तोंडात लवंगा टाकल्या आणि घर गाठलं. चहा झाला. त्याने सांगितलं की आज पाटी रंगवली, हात जरा बरा होता, प्यावंसं वाटलं नाही, प्यायलो नाही. सासूबाईंनी लिहून घेतलं. लवंगेआडचा वास त्यांना आला की नाही, ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. साक्षीदार धडधडीत खोटं बोलत असतानासुद्धा त्यांची पेन्सिल कधी अडखळली नव्हती. खरंखोटं ठरवायला तिथे वेगळा माणूस बसायचा. त्यांनी वाचून दाखवलं, वही फिरवली, त्याने सही केली.

सही सरळ आली. पाट्यांच्या कोपऱ्यात पूर्वी करायचा तशीच, शेवटच्या वळणासकट. ती बघून पेंटरने पेन पटकन खाली ठेवलं. सासूबाईंनीही बघितली. पेनाला टोपण लावलं आणि वही नेहमीच्या जागी ठेवून दिली.

बायको आली, खांद्यावरची पर्स न काढताच तिने वही उघडली आणि मटकन खुर्चीत बसली. "आई, बघितलंस का? हात बसला याचा," ती म्हणाली. मागची पानं उलटून ती एकेका सहीशी आजची सही ताडून बघायला लागली. हसत होती आणि डोळेही पुसत होती. तिला एवढं आनंदात त्याने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. तिने संशय घेतला असता तर तो तावातावाने भांडला असता, त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. हा आनंद मात्र त्याला बघवेना. स्वतःची मनापासून लाज वाटली.

"आई, पेन काढा," तो म्हणाला. त्यांनी काढलं. "लिहा. आज दुपारी मी प्यायलो. म्हणून हात सरळ आहे."

सासूबाईंनी लिहिलं आणि त्याच सपाट आवाजात वाचून दाखवलं. वरच्या ओळी खोडायच्या असतील तर खाडाखोडीपाशी वेगळी सही लागेल, हेही सांगितलं. त्याने ओळी खोडल्या, दोन्हीकडे सह्या केल्या. त्याही सुरेख आल्या.

पेंटर आत जाऊन भावाकडे जायची पिशवी भरायला लागला. बऱ्याच वेळाने बायको दाराशी येऊन उभी राहिली.

"ती पाटी आधी पुसून ये," ती म्हणाली. "कुठे राहायचं ते मग बघू."

दुसऱ्या दिवशी त्याने पाटी पुसली. चांगल्या कामाची माती केलीस म्हणून चष्मेवाला हळहळला. पेंटरने मनगटाखाली काठी धरली आणि दिवसभर पुन्हा ती अक्षरं काढली. भर गर्दीच्या बसमध्ये उभी असल्यासारखी ती एकमेकांवर कलली होती. चष्मेवाल्याने रस्त्यापलीकडून बघितलं, स्वतःचा चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. "राहू दे," तो म्हणाला. "लोकांना वाटेल आपलेच डोळे बिघडलेत. आत तरी येतील."

संध्याकाळी पेंटरने सांगितलं की पाटी पुन्हा रंगवली, वाकडी आली. प्यावंसं वाटलं, दिवसभर वाटलं, प्यायलो नाही. सासूबाईंनी वाचून दाखवलं आणि वही फिरवली.

बायको आली, तिने वही उघडली. इतकी वाकडी सही त्या वहीत आजवर झाली नव्हती. तिने तिच्यावरून सावकाश बोट फिरवलं. मग आत गेली आणि पिशवीतले कपडे काढून कपाटात ठेवायला लागली.