हरलेल्याने डबा भरावा

त्या घरात कुणाला काही विचारायचं असेल, तर आधी मोबाइलकडे पाहायची पद्धत पडली होती. मोबाइल टेबलावर सरळ ठेवलेला असला तर बोलायला हरकत नसे. उपडा आपटलेला असला, म्हणजे घरधनी ऑनलाइन बुद्धिबळात हरलेला आहे आणि आता जेवणं उरकेपर्यंत तोंडाला कुलूप. हा नियम कुणी केला नव्हता. बायको तो आपोआप शिकली आणि तिच्याकडे पाहून मुलगी शिकली.

माणूस वाईट नव्हता. चष्म्यांच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं त्याचं काम. त्यात केसभर फरक त्याला खपत नसे. दारू नाही, बाहेरचा नाद नाही. घरी आल्यावर एक डाव खेळायचा, एवढीच करमणूक. पण तो डाव हरला की भरून काढायला दुसरा, दुसरा हरला की तिसरा; आणि चिडून खेळलेला डाव जिंकायचा कसा? गुण घसरत राहत. समोरच्या अनोळखी माणसाने "छान खेळलात" असं लिहिलं, तर हा त्याची अक्कल काढून मोकळा. तेवढ्यावरही राग निवत नसे. मग त्याच्या मते वजीर मिक्सरच्या आवाजाने गेलेला असे, नाहीतर दारावरच्या घंटीने. बायको मिक्सर बंद करी, दोघांची ताटं वाढी आणि "मी मागाहून बसते" म्हणून आत जाई. ती मागाहून बसे की नाही, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी शाळेच्या बुद्धिबळ संघात होती. तिच्या सरांनी नुकतंच त्याला बोलावून घेतलं होतं. पोरगी डाव सुरेख उभा करते, जिंकत आणते आणि अगदी तोंडाशी आल्यावर घाण करते, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या सामन्यातही तेच झालं तर संघातून नाव काढावं लागेल, हेही त्यांनी सांगितलं. घरी येऊन त्याने तिला चांगलंच फैलावर घेतलं. लक्ष नाही, धमक नाही, कुणावर गेली आहे कोण जाणे! ती मान खाली घालून ऐकत राहिली.

रविवारी दुपारी त्याची थोरली बहीण आली. ताई इस्पितळात नर्स होती. बोलणं रोखठोक आणि आवाज वॉर्डभर पोचणारा. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचं कपाट आवरताना सापडलेला लाकडी बुद्धिबळाचा डबा तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

"तो मोबाइल ठेव बाजूला. वजीरबाई, बस बापासमोर," ती भाचीला म्हणाली. "आणि बाबांचा नियम लक्षात आहे ना रे? की तोही अपडेट झाला?"

तो हसला. वडिलांचा एकच नियम होता. हरलेल्याने सोंगट्या डब्यात भरायच्या, प्रत्येक सोंगटी तिच्या तिच्या खाचेत. झाकण लागेपर्यंत दुसऱ्या डावाचं नाव काढायचं नाही.

डाव रंगला. मुलगी झपझप खेळत होती आणि त्याला घाम फुटत होता. ताई गप्प बसून पाहत होती. बऱ्याच वेळाने मुलीने हत्ती उचलला, पुढे नेला आणि मध्येच एका घरात ठेवला. तिथे त्याच्या उंटाचा मारा होता. त्याने हत्ती टिपला, आणि मग काही चालींतच डाव त्याच्या खिशात आला.

"अगं, हत्ती असा फुकट देतात का?" तो खुशीत म्हणाला. "सर म्हणतात ते काही खोटं नाही."

मुलीने निमूटपणे डबा पुढे ओढला. ताईने त्यावर हात ठेवला.

"थांब, भरू नकोस." तिने हत्ती हलण्याआधीची मांडणी एकेक सोंगटी ठेवून परत उभी केली. "आता बघ."

त्याने पाहिलं. त्याचा राजा स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला होता. शेवटची ओळ मोकळी होती. हत्ती आणखी थोडा पुढे, टोकापर्यंत गेला असता तर मात होती. शिकाऊ पोरालाही दिसावी अशी.

"गाफील राहिली. नेहमीचंच आहे तिचं."

"मी नुसता पट बघत नव्हते, तिलाही बघत होते," ताई म्हणाली. "तिने हत्ती उचलला, तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अलीकडेच ठेवला."

त्याने मुलीला विचारलं. ती बराच वेळ डब्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"तुम्ही हरलात की आई जेवत नाही," ती म्हणाली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नाही म्हटलं नाही.

शाळेत काय होतं, ते आत्याने विचारलं. तिथेही तेच होतं. समोरच्या मुलाचा चेहरा पडला की हिला धडकी भरायची आणि हातातली सोंगटी भलतीकडे जायची.

तो कसाबसा म्हणाला, "मी काय कुणावर हात उगारतो का?"

"नाही उगारत. म्हणून तर तुला आजवर कुणी काही बोललं नाही." ताईचा आवाज प्रथमच खाली आला होता. "आमच्याकडे एखादा पेशंट हातचा जातो ना, तेव्हा मलाही समोर येईल त्याला फाडून खावंसं वाटतं. पण पुढच्या खाटेवरच्या माणसाने माझं काय केलंय? मी नळाखाली हात धरते. स्वच्छ असले तरी धुते. राग जात नाही, पण तो माझा आहे, त्याचा नाही, एवढं कळतं. बाबा डबा काय आवराआवरीसाठी भरायला लावत होते? तू रडत रडत भरायचास आणि झाकण लागेपर्यंत तुझं रडणं संपलेलं असायचं. तुझ्या त्या मोबाइलला डबाच नाही. हरलास की लगेच 'पुन्हा खेळा'."

त्याने हत्ती मुलीच्या हातात दिला. "ती चाल परत खेळ. तुला दिसली होती ती."

तिने हत्ती शेवटच्या घरात नेला. "मात" हा शब्द जेमतेम ऐकू आला. लगेच तिने वर पाहिलं, त्याच्या तोंडाकडे.

आणि त्याचे कान तापले! हरणार हे माहीत असलेला डाव, समोर पोटची पोर, तरीही तापले! त्या उष्णतेची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली. त्याने डबा जवळ ओढला. प्यादी, घोडे, उंट, एकेक खाचेत ठेवत गेला. झाकण लागलं तेव्हा कान निवले होते, मन नव्हतं.

"कुठे चुकलो मी?" त्याने विचारलं.

आवाज चढतो का, याची तिने वाट पाहिली. मग म्हणाली, "राजाला वाट ठेवली नाहीत तुम्ही."

वाचकहो, इथे सगळं गोड झालं असं सांगता आलं असतं, पण तसं झालं नाही. पुढच्या सामन्यात मुलगी जिंकत आणलेला डाव हरली आणि संघातून तिचं नाव गेलं. मुरलेली भीती एका रविवारच्या पश्चात्तापाने निघत नाही. हार कुणाला चुकलेली नाही, पटावर नाही आणि पटाबाहेरही नाही. पण आपल्या हारीची किंमत घरातल्या माणसांकडून वसूल करायचा हक्क आपल्याला कुणी दिला? हरल्यावर थांबावं, आपला राग आपणच आवरावा, आणि मगच दुसऱ्या डावाला किंवा दुसऱ्या माणसाला हात घालावा.

नाव गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी तोही मोबाइलवर हरला. त्याने मोबाइल सरळ ठेवला. वडिलांचा डबा पटावर रिकामा केला आणि पुन्हा भरला. मग आत जाऊन बायकोचं ताट वाढून आणलं. ती बसली. मुलीने आधी मोबाइलकडे पाहिलं, मग बापाकडे. आईने पहिला घास घेतला, तेव्हा कुठे तिने आपलं ताट पुढे ओढलं.