काफी आयता?

आमच्या पूर्णिमाला काय बी विचारा, ती म्हणणार, "चालेल." वांगं करू का भेंडी? चालेल. जोतिबाला जायचं का रंकाळ्यावर? चालेल. लगीन होऊन वरीस झालं, तरी या पोरीला काय आवडतंय आणि काय न्हाय, हे मला सासूला ठाऊक न्हाय. कमाल हाय की न्हाय?

ती हासनकडची, कानडी. आमचा ऋतुराज बेंगळूरला नोकरीला हुता, तिथंच जमलं. लगीन करून दोघं कोल्हापुरात आली, घरात बसून कॉम्प्युटरवर काम करत्यात. आता दोघांच्या कंपन्यांनी कळवलंय, बेंगळूरला माघारी येणार का न्हाय ते रविवारपतोर सांगा. ऋतुराज म्हणला, "आई, पूर्णिमा म्हणंल तसं." पूर्णिमा म्हणली, "तुम्ही म्हणाल तसं, अत्ते." अत्ते म्हंजे त्यांच्यात सासू. आता बोला! मी तर 'ऱ्हावा' म्हणणारच, त्यात काय इचारायचं? पर माझ्या शब्दावर ऱ्हायली आणि मनात कुढाय लागली तर? कुढत कुढत एक दिवस माहेरची वाट धरंल, एकुलता पोरगा तिच्या मागनं जाईल, आणि मी बसीन भितीकडं बघत. म्हणून तिच्या पोटात काय हाय ते मला कळाय पायजे हुतं. त्याबिगर मला चैन न्हवती.

आणि मी काय वाईट सासू न्हाय हां. ती खोलीतनं बाहेर यायच्या आत माझा चहा तयार. म्हशीचं दूध, आलं ठेचून, आयता हातात. कुठली सासू देतीया सांगा.

आणि तरी तिची आई रोज सकाळी फोनवर पयलं काय इचारती? "काफी आयता?" फोन स्पीकरवर असतोय, मी सोताच्या कानानं ऐकलंय. हिंदीतलं काफी आणि आपलं आयतं. म्हंजे काय, लय आयतं मिळतंय व्हय गं तुला? आणि ही बया रोज म्हणती, "आयतु, अम्मा." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आयतं देणारी मी, आणि वर ही चेष्टा!

शेजारची रशिदा शिवणकाम करती. तिचं माहेर संकेश्वर, म्हणून तिला कानडी येती. परवा सकाळी ती ब्लाउज द्यायला आलती आणि तेवढ्यात पूर्णिमाचा फोन वाजला. मी रशिदाला कोपरानं ढोसलं. "ऐक, ऐक. मायलेकी मला कशा बोलत्यात बघ."

रशिदानं ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसाय लागली. "तानाक्का, येडी का खुळी तू? आयता म्हंजे झाली का. कॉफी झाली का, इचारती तिची आई. आपण जेवला का म्हणतो तसं."

"आणि आयतु?"

"झाली, म्हणती."

"झाली? कवा झाली? आमच्या घरात कॉफीची चिमूट न्हाय!"

रशिदाचं हसू थांबलं. "मग आईच्या जिवाला लागू नये म्हणून म्हणत असंल."

मला अशी लाज वाटली म्हणून सांगू! वरीसभर पोरगी आईसंग खोटं बोलती, ते बी माझ्या घरापायी. ऋतुराजला गाठलं. म्हटलं, "बेंगळूरात हिच्यासंगं काय पीत हुतास?" म्हणला, "कॉफी." "मग मला सांगाय काय झालतं, मुडद्या?" तर म्हणतो कसा, "तिनं कधी मागितली न्हाय." बापावर गेलाय.

तडक लक्ष्मीपुरीच्या बाजारात कॉफी आणाय गेले. दुकानदार म्हणला, "चिकोरी घातलेली देऊ का बिगर चिकोरीची?" म्हटलं, ही आणि कोण? तर एक मूळ असतंय म्हणं, भाजून दळून कॉफीत घालत्यात. "म्हंजे भेसळ व्हय?" "भेसळ न्हवं मावशी, तिकडं तशीच आवडती. रंग चढतो." मूळ कसं असतंय, मुळ्यागत का गाजरागत, ते त्याला बी सांगता यीना. शेवटी चिकोरीची घेतली. पुडी नाकाला लावतच घरला आले. वास एवढा चांगला आणि चव कडू, हे कसं काय, मला काय उमगंना.

दुपारी पूर्णिमा खोलीत कामाला बसली, तवा रशिदाला बोलावलं. तिनं मलमलीचा तुकडा धुऊन आणला. गाळणीवर तो अंथरला, खाली पातेलं, वर पूड. मी वाटीनं पूड चांगली दाबून दाबून बसवली आणि गरम पाणी ओतलं. पाणी तसंच वर! डबक्यागत थांबलं.

"बडवतीस कशाला?" रशिदा म्हणली. "भाकरी हाय का ती?"

मग दुसरी पूड मोकळीच घातली. तर पाणी सुसाट खाली. पातेल्यात बघतीया तर त्यापरास भांडी धुतलेलं पाणी बरं.

आता मात्र मी इरेला पेटले. एवढ्या मोठ्या खटल्याचा सैपाक केलेली बाई मी, चमचाभर पुडीपुढं हार खाऊ? पूड घातली, वरनं नुसता हात फिरवला. पाणी जरासंच शिंपडलं आणि थांबले. तर काय, पूड फुगली! भिजवलेल्या कणकेगत वर आली, बारीक बुडबुडं सुटलं. आम्ही दोघी डोस्कं लावून बघत बसलो. मग थोडं थोडं पाणी सोडलं आणि खाली थेंब थेंब पडाय लागलं, काळंभोर. रशिदा म्हणली, "आयतु!"

पुढं माझ्या हाताला सवय नडली. त्यो रस दुधात घातला, साखर घातली आणि चांगली खळाखळा उकळी आणली. उकळल्याबिगर कशाला चव येती व्हय? आल्याचा तुकडा बी कवा ठेचून पडला कळलं न्हाय.

पूर्णिमाला हाक मारली. तिनं कप बघितला, वास घेतला आणि माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. एक घोट घेतला.

"कशी झालीया?"

"चाले..." म्हणली आणि थांबली. "खरं सांगू, अत्ते?"

"सांग की."

"घाण झालीय."

रशिदा छताकडं बघाय लागली. मला राग याय पायजे हुता, पर आला न्हाय. उलट वाटलं, बोलली बाई एकदाची! म्हटलं, "आणि काय काय घाण हाय आमच्यात? आज सगळं सांग. आणि बेंगळूरचं बी सांग."

पूर्णिमानं कप खाली ठेवला. "मला जायचंय, अत्ते. तिथं ऑफिस आहे, मैत्रिणी आहेत. इथं तुम्ही सगळे चांगले आहात, पण मी दिवसभर खोलीत असते. मला तिथं आवडतं."

वाईट वाटलं. लय वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मीच खणून काढलं आणि मलाच लागलं. डोळं भरून आलं, पदरानं पुसलं. म्हटलं, "मग जावा की. मी काय दावं बांधलंय?"

ती उठून खोलीत गेली. वाटलं, रडाय गेली. तर हातात स्टीलचं एक भांडं घेऊन आली, डब्यावर डबा, वरच्याला बुडाशी बारीक भोकं.

"ह्ये काय?"

"कॉफीचा फिल्टर. लग्नात अम्मानं दिलेला."

"आगं, मग वरीसभर काढला का न्हाईस?"

"मी बाहेर यायचे तेव्हा तुमचा चहा ओतलेला असायचा."

मी ओट्यावरचं उरलेलं आलं उचलून बाजूला ठेवलं.

पूर्णिमानं वरच्या डब्यात पूड घातली, पाणी ओतलं, झाकण लावलं आणि मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. "नीट बघून ठेवा, अत्ते. खाली उतरतं ते डिकॉक्शन उकळायचं नाही, आलं घालायचं नाही. दिवाळीला आम्ही आलो की मला सकाळी तुमच्या हातचीच पाहिजे."

पाहिजे म्हणली. माझ्या घरात वरसात पयल्यांदा पाहिजे म्हणली.