न गळणारी कुंडी

मी एक जुनी रोझमेरी आहे. जुनी म्हणजे सात वर्षांची. झाडांच्या हिशेबात हे काही फार नव्हे, पण माझ्या वाट्याला जे आलं ते बघता पुष्कळ झालं. मित्रांनो, नाव परकं वाटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. सुईसारखी बारीक पानं, बोटांत चुरडली की डोकं हलकं करणारा वास आणि मनात आलंच तर नखाएवढी निळी फुलं, एवढीच माझी ओळख. त्यातही मी ताठ वाढणाऱ्यांतली नाही. बुटकी, पसरट, कुंडीच्या कडेवरून खाली लोंबणारी.

मला या घरात बाईंनी आणलं. बाई पडदे शिवायच्या. एका गिऱ्हाइकाच्या अंगणातून त्यांनी माझी बोटभर फांदी मागून आणली, खालची पानं ओरबाडली आणि मला जाड वाळूत खोचलं. महिन्याभराने मुळं फुटली. मग मातीची कुंडी, निम्मी माती, निम्मी वाळू, तळाच्या भोकावर खापराचा तुकडा आणि खिडकीखालचं भर ऊन. पाणी द्यायची बाईंची एक रीत होती. मशीनवरून उठून यायच्या आणि दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत खुपसायच्या. ओलं लागलं की "अजून नाही गं बाई" म्हणून परत. कोरडं लागलं की मात्र भरपूर. फुलं गळली की माझी कोवळी टोकं छाटायच्या, म्हणून तर मी अशी दाट झाले. येणारंजाणारं बघून म्हणायचं, "काय पसरलीय हो!" मला बरं वाटायचं.

बाईंचे यजमान गवंडी. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे. "मी बांधलेल्या टाकीतून थेंब गळाला तर मिशी उतरवीन!" ही त्यांची ठरलेली फुशारकी.

"आधी ठेवा तर खरी," बाई म्हणायच्या. मिस्त्रींना मिशीच नव्हती.

मग बाईंची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला मोजून दोन पेले पाणी, वर थेंब नाही. बाईंची खाट खिडकीशी आणि मी खिडकीखाली. मला सगळं ऐकू यायचं.

"अहो, एक घोट द्या ना."

"डॉक्टर नको म्हणालेत ना गं."

"एकच. मी कुणाला सांगत नाही."

मिस्त्री ओला फडका त्यांच्या ओठांवरून फिरवायचे आणि बाहेर येऊन माझ्यापाशी नुसते उभे राहायचे. त्यांनी तो घोट दिला नाही. शेवटच्या दिवशीही नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण त्यांना हे पटवणार कोण?

बाई गेल्या. लेक चार दिवस राहून नोकरीवर परतली. त्याच आठवड्यात मिस्त्रींनी सिमेंट कालवलं आणि माझ्यासाठी लांबरुंद कुंडी बांधली. आतून टाकीसारखा घोटून घोटून गिलावा केला. पाणी भरून दिवसभर ठेवलं, थेंब हलला नाही. भोक ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. गळणारं काम त्यांच्या हातून होणार कसं? मला लेकरासारखं उचलून त्यांनी त्यात लावलं आणि म्हणाले, "तिला देता आलं नाही. तुला कमी पडू द्यायचो नाही."

मग सकाळ-संध्याकाळ झारी सुरू झाली. अरे देवा! मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो हो, आणि माझी मुळं त्या कुंडीत गळ्यापर्यंत बुडाली होती. माझी पानं पिवळी पडली, टोकं माना टाकू लागली. मिस्त्रींना वाटलं, तहानली बिचारी. त्यांनी दुपारची झारी वाढवली. मला त्यांचा फार राग आला, खोटं कशाला बोलू?

दोन महिन्यांनी लेक आली. तिने वाकून वास घेतला आणि बोट खुपसलं. नुसता चिखल.

"बाबा, हिला भोक कुठाय?"

"माझं काम गळत नाही."

"बाबा, अहो, बुडतेय ती!"

मिस्त्री मटकन पायरीवर बसले. "नाही दिलं तरी मरायचं, दिलं तरी मरायचं. मग मी करायचं तरी काय गं?"

"आईचं पाणी डॉक्टरांनी तोडलं होतं. तुम्ही नव्हतं तोडलं," लेक म्हणाली.

छिन्नी-हातोडा आणून मिस्त्रींनी आपल्याच हातांनी ती कुंडी फोडली. आतून काळं, कुजकं पाणी वाहिलं. माझी मुळं बुळबुळीत झाली होती, हात लावताच सुटत होती. लेकीने माझ्या हिरव्या फांदीची पाच टोकं कापली आणि बाईंच्या जुन्या कुंडीत वाळू भरून खोचली.

मी आता भिंतीकडेला पडून आहे. एका फांदीत थोडी ओल उरली आहे, तेवढ्या बळावर हे सांगते. पाचांतली तीन टोकं काळी पडली. दोन हिरवी आहेत, पण कापलेली फांदी काही दिवस हिरवी दिसतेच, म्हणून मी आशा धरत नाही. मित्रांनो, झाडांवर माया करा, जरूर करा. फक्त ओतण्याआधी एकदा बोट घालून बघा, समोरच्याला तहान आहे का.

मिस्त्री अजूनही संध्याकाळी झारी भरून येतात. कुंडीपाशी उकिडवे बसतात, वाळूत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसतात.

"अजून नाही गं बाई," ते म्हणतात आणि भरलेली झारी तशीच घेऊन आत जातात.