पौर्णिमेला बदलायचा राहिलेला कोळसा

मित्रांनो, मी बाभळीचा एक जुना कोळसा आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. देवळाली प्रवरेबाहेर रंभाजींची वस्ती आहे. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांनी बांधावरची बाभूळ तोडून खड्ड्यात रचली, पेटवली आणि वरून ओली माती लिंपली. आतली धग आठवली तरी अजून धस्स होतं. हवा मिळाली असती तर माझी राखच झाली असती. ती मिळाली नाही, म्हणून काळाठिक्कर होऊन उरलो.

तेव्हापासून काडी ओढल्याचा आवाज आला की माझा जीव घाबरा होतो. पोत्यातले बरेचसे भाऊ इस्त्रीवाल्याकडे गेले. थोडे रंभाजींच्या बायकोने, गीताबाईंनी, मागे ठेवून घेतले. त्यांच्या विहिरीजवळून एका कारखान्याच्या मळीचा नाला वाहायचा, त्यामुळे पाणी चहासारखं तांबूस झालं होतं आणि घाण वास मारायचं. शाळेतल्या मच्छिंद्र गुरुजींनी एक युक्ती सांगितली होती. तिवईवर एकावर एक तीन माठ, वरच्या दोघांच्या बुडाला बारीक भोक. वरच्यात विहिरीचं पाणी, मधल्यात वाळू आणि कोळसा, खालच्यात गाळलेलं पाणी. महिन्याला कोळसा बदलायचा, हेही त्यांनी बजावलं होतं. गीताबाई पौर्णिमेला विहारात वंदनेला जायच्या, मग त्याच दिवशी बदलायचं ठरलं.

माझी पाळी आली तेव्हा आधीच्या कोळशांना घमेल्यात भरून बाहेर नेलं. कुठे नेलं ते दिसलं नाही. चुलीतच गेले असणार, असं मी धरून चाललो.

माझ्या अंगभर बारीक छिद्रं आहेत. पाणी उतरताना घाण त्यांत चिकटून बसायची. वासही जायचा, रंगही जायचा. शेजारच्या बाया खालचं पाणी बघून नवल करायच्या. त्या कौतुकाने मी फुगलो होतो, तरी मनात दिवस मोजत होतो. पौर्णिमा आली की चूल!

पौर्णिमा आली. त्या दिवशी गीताबाई आणि रंभाजी लेकीला, माधुरीला, आणायला संगमनेरला गेले. तिला सातवा महिना होता. लेक घरी आली त्या गडबडीत मी राहूनच गेलो. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

चार-आठ दिवसांत ते हायसं वाटणं पार पळालं. माझी छिद्रं भरली होती. घाण माझ्यावरून घसरून तशीच खाली जात होती. तळच्या माठातून पोटुशी पोर पाणी पीत होती आणि मला ओरडता येत नव्हतं.

एके दिवशी माधुरी म्हणाली, "आई, पान्याला वास येतोय गं."

"डोहाळे हायेत तुझे," गीताबाई हसल्या. "तू पोटात हुतीस तवा मला भाकरीचासुदा वास यायचा."

लेकीला बरं वाटावं म्हणून रंभाजींनी खालच्या माठात वाळ्याची जुडी टाकली. झालं! आता तिलाही वास कळेना. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि रंभाजींनी तिला दवाखान्यात हलवलं. रिकाम्या घरात मी दोन दिवस तिवईवर होतो. एवढा तर मी खड्ड्यातही घाबरलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी गीताबाई एकट्याच आल्या. डॉक्टरांनी पाणी कुठलं पिता म्हणून विचारलं होतं. त्यांनी मधला माठ उतरवला आणि मला नाकाशी धरलं.

"पोरगी सांगत हुती," त्या म्हणाल्या. "मीच ऐकलं न्हाई."

मग त्यांनी मला घमेल्यात घेतलं. या वेळी चूल आली असती तरी मी तक्रार केली नसती. पण त्यांनी मला परसातल्या शेणखतात टाकलं, आणि पुढे रंभाजींनी मुरमाड वाफ्यात पुरलं. तिथे माझे आधीचे भाऊ होते, चांगले धडधाकट! ही जमीन पूर्वी पाणी धरत नव्हती. आम्ही ओल आणि खत धरून ठेवतो, आता वर मेथी येते.

माधुरी वाचली. मुलगी झाली, दीपा. ती आता चार वर्षांची आहे आणि आजोळी आली की मेथी तुडवते.

मित्रांनो, मी भरलो की मला सांगता येत नाही. म्हणून मला वेळेवर बदला. आणि घरात कुणी पाण्याला वास येतो म्हणालं, तर हसू नका, आधी माठ उतरवा. दीपा आलेली असली की गीताबाई आता पाण्याचा पहिला पेला तिच्या नाकाशी धरतात. ती होकाराची मान हलवेपर्यंत त्या घरात कुणी घोट घेत नाही.